आठ गुरं आणि परतीची तारीख

"ते माझ्यावर सोडा," हे तीन शब्द मोगापी मास्तर सोमवारी सकाळी बहिणीच्या अंगणात बोलले नसते, तर पुढचा आठवडा त्यांना मारुलाच्या झाडाखाली खुर्ची टाकून सुखात काढता आला असता. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची मास्तरांना जुनी खोड. चौतीस वर्षं मुख्याध्यापकी केलेला माणूस. समोर चार माणसं गप्प बसलेली दिसली की त्याला वाटतं, आता आपणच बोलायला हवं.

कामही तसं दिसायला एवढंसं होतं. भाचा तुमिसांग याचं लग्न शनिवारी, पलीकडच्या त्सिलाने गावात, तिथल्याच मोफाटोशी. लग्न म्हणजे बोगादी, मुलीकडच्यांना मानाने द्यायची गुरं, आलीच. आठ गुरं, धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालणारी, मुलीच्या घरच्या गोठ्यात शनिवारी सूर्य उगवायच्या आत उभी राहिली पाहिजेत. ती उभी राहिली नाहीत तर मुलगी घराबाहेर पाऊल टाकत नाही, मग आहेर येवोत की मंडप पडो. आणि ही गुरं नेऊन पोचवायची कुणी? तर मुलाच्या मामाने. मास्तरांचं लेरुबे आणि त्सिलाने यांच्या मध्ये मात्र गुरांच्या रोगराईचं सरकारी कुंपण आहे. त्यातून परवान्याशिवाय गायीचं शेपूटसुद्धा पलीकडे जात नाही.

"परवान्याचं काय?" बहीण कोकेत्सोने विचारलं होतं. "पूर्वी तालुक्याला जाऊन कागद आणायचे. ती खिडकी बंद झालीय म्हणे."

"बंद नाही झाली, गावात आलीय," मास्तर म्हणाले. "आपल्या वाचनालयात. परिषदेने आणि वाचनालयाने मिळून संगणकाचा कक्ष उघडलाय. मी अध्यक्ष आहे समितीचा. ते माझ्यावर सोडा."

त्यांच्या बायकोने, म्हणजे म्मा-कागोने (थोर बाईला म्मा, थोर पुरुषाला रा म्हणायचं, आणि मूल झालं की त्याचं नाव पुढे लावायचं, ही इथली पद्धत), तेव्हाच डोळे मिटून घेतले होते. उद्घाटनाच्या दिवशी मास्तरांनी पाऊण तास भाषण केलं होतं, तेव्हाही तिने असेच मिटले होते. 'ज्याला अक्षर येतं, त्याचं काम या देशात कधी अडणार नाही,' हे त्या भाषणातलं शेवटचं वाक्य. टाळ्या पडल्या होत्या. वाक्य चांगलंच होतं, पण चांगली वाक्यं फार जपून वापरावीत, गाव ती विसरत नाही.

वाचनालयात केबोन्ये नावाची ग्रंथपाल होती. पन्नाशीची, शांत, आवाज कधी न चढवणारी बाई. तिने मास्तरांना यंत्रासमोर बसवलं आणि म्हणाली, "रा, आधी खातं उघडू. एक सांकेतिक शब्द ठरवा. तुमच्याशिवाय कुणालाही माहीत नको."

एवढं ऐकल्यावर वाचनालयातली सगळी माणसं मदतीला धावली. दाराबाहेर तळलेले पिठाचे गोळे विकणारी, मास्तरांची शेजारीण म्मा-गोराता टोपली घेऊनच आत आली.

"गायीचं नाव टाका, रा. ती ठिपकेवाली, काय तिचं नाव, मोगोलो."

"ते सगळ्या गावाला माहितीय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग बायकोचं माहेरचं नाव टाका."

"तेही माहितीय."

"त्यांच्या शाळेतल्या छडीचं नाव टाका ना! तिला ते 'शहाणपण' म्हणायचे."

सांकेतिक शब्द ठरायला पाऊण तास लागला आणि ठरला तेव्हा तो एकवीस जणांना पाठ होता. मास्तरांनी त्यापुढे एक आकडा जोडला आणि तो मात्र मनातच ठेवला, म्हणजे ओठ हलवून ठेवला. म्मा-गोराताने लगेच "सात" असं म्हणून मान डोलावली.

मग आल्या अटी. एकेचाळीस पानं. खाली चौकट: मला मान्य आहे.

"खूण करा आणि पुढे चला," केबोन्ये म्हणाली.

"न वाचता?" मास्तर खुर्चीत ताठ झाले. "म्मा, न वाचता सही करणाऱ्या किती पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय, ठाऊक आहे?"

आणि त्यांनी एकेचाळीस पानं वाचली. मोठ्याने वाचली, कारण मागे उभ्या असलेल्यांपैकी तिघांना कमी दिसत होतं. सतराव्या पानावर यंत्र म्हणालं, तुम्ही बराच वेळ काही केलं नाहीत, म्हणून तुम्हाला बाहेर काढलं आहे. मास्तरांना आयुष्यात कुणी बाहेर काढलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, 'शहाणपण सात' पुन्हा टाकलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. सोमवार त्यातच गेला.

मंगळवारी मात्र काम भराभर झालं. गुरांची संख्या आठ. डागणीची खूण उजव्या मांडीवर. कुठून, कुठे. मग यंत्राने विचारलं, नेण्याचं कारण? खाली पाच नावं होती: विक्री, कत्तल, चराई, प्रदर्शन, इतर.

"विक्री नाही," मास्तर ठामपणे म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती. हा कागद गुरांबरोबर जातो आणि मुलीकडच्यांच्या हातात पडतो. त्यावर 'विक्री' दिसलं, तर आम्ही पोरगी विकली काय, म्हणून तिचे मामे गुरं तिथूनच हाकलून देतील, आणि त्यांचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी 'इतर'वर टिचकी मारली.

लगेच खाली एक नवीन चौकट उघडली. परतीची तारीख.

मागची सगळी माणसं पडद्यावर वाकली.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"गुरं परत कधी आणणार, ते विचारतंय," केबोन्ये हळूच म्हणाली. "विकली किंवा कापली तर परत येत नाहीत. बाकी सगळी परत येतात, असं त्याला वाटतं. टाका ना एखादी तारीख."

"एखादी?" म्मा-गोराता ओरडली. "बोगादी परत येते कधी, सांगा? नवरा-बायकोचं फाटतं तेव्हा! लग्न शनिवारी आणि काडीमोड कुठल्या वारी, ते आधीच लिहून द्यायचं?"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. मास्तरांनी चौकट मोकळी ठेवून पुढे जायचा प्रयत्न केला. यंत्राने ती लाल केली. त्यांनी 'नाही' असं लिहिलं. यंत्र म्हणालं, तारीख लिहा. 'कधीच नाही' लिहिलं. यंत्र म्हणालं, तारीख लिहा. अशी अक्कलशून्य पोरं मास्तरांनी पूर्वी पाहिली होती, पण ती निदान मान खाली घालून उभी राहायची.

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. उंटावरच्या शहाण्यांना तोटा नसतोच. एकाने सांगितलं, चराई लिहा आणि गुरांना तिथे थोडं चरू द्या, म्हणजे खोटंही होणार नाही. एकाने सांगितलं, प्रदर्शन लिहा, लग्न म्हणजे दुसरं काय असतं? पोस्टातला माणूस म्हणाला, आठ गुरं रात्रभर चालवत कुंपणाच्या टोकाला वळसा घाला, फक्त एकशे ऐंशी किलोमीटर होतील.

संध्याकाळी कोकेत्सो आली. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच उंबऱ्यात बसली.

"तुमिसांग सहा वर्षं गुरं जमवतोय," ती म्हणाली. "दोन त्याने पगारातून घेतली, एकेक करून. मोफाटोच्या आईने त्याची वाट बघत दोन स्थळं परत पाठवली. तुला जमत नसेल तर मला सांग, मी तालुक्याला जाऊन परिषदेच्या दारात बसते."

मास्तरांना ते फार लागलं. तिने टोमणा मारला असता तर त्यांनी उत्तर दिलं असतं. रात्री ते जेवले नाहीत. म्मा-कागोने ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "अक्षर येतं ना तुम्हाला? मग अडलं कुठे?"

लेरुबेत एखादी गोष्ट एकट्याला सुटेनाशी झाली, की ती खोत्लात जाते. खोत्ला म्हणजे गावाचा चौक, तिथे खोसी, म्हणजे गावचा प्रमुख, बसतो, पुरुष आपापल्या खुर्च्या घरून आणतात, बायका चटया पसरतात, आणि कुणालाही मध्ये तोडायचं नसतं. वाकडं बोलणाऱ्यालाही त्याचं बोलू द्यावं, अशी इथली रीत. बुधवारी सकाळी खोसी मारुपिंग यांनी विषय मांडला: मोगापींच्या गुरांनी कोणत्या तारखेला परत यावं, म्हणजे ती परत येणार नाहीत?

चार तास चर्चा झाली. यंत्राचा अपमान झाला, परिषदेचा झाला, मग आजकालच्या सुनांचा झाला. एकाने सुचवलं, तारीख कालची टाका, म्हणजे होऊन गेली. केबोन्ये उठून म्हणाली, कालची घेत नाही, मी पाहिलंय. दुसऱ्याने तीस फेब्रुवारी सुचवली. तीही घेत नव्हती. तीसुद्धा तिने पाहिली होती. त्या बाईने रात्री घरी न जाता काय काय पाहिलं होतं, ते मास्तरांना तेव्हा कळलं आणि त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली.

शेवटी दिन्त्वे म्हातारा उठला. लोकांनी एकमेकांकडे बघून हसू दाबलं. नव्वदीचा दिन्त्वे दर सभेत उठतो आणि विषय सोडून बोलतो. तीन वर्षांपूर्वी बोअरवेलच्या सभेत तो पाऊण तास आपल्या पहिल्या बुटांविषयी बोलला होता.

"माझ्या आजाने," दिन्त्वे म्हणाला, "शेजाऱ्याला एक कुदळ उसनी दिली. शेजारी म्हणाला, परत कधी देऊ? आजा म्हणाला, आपण दोघं मेल्यावर दे. कुदळ अजून त्यांच्याकडेच आहे. भांडण नाही, काही नाही." आणि तो खाली बसला.

लोक हसले. खोसी हसले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर टेकली.

"हीच तारीख," ते म्हणाले. "विचारायला कुणी उरणार नाही अशी."

"पुला!" म्हणजे पाऊस पडो, असा आनंदाचा गजर झाला, आणि मास्तरांच्या अंगात दोन दिवसांनी रक्त फिरलं.

आता प्रश्न होता तो तारखेपर्यंत पोचण्याचा. त्या चौकटीत हाताने लिहिलेलं काहीच यंत्र घेत नव्हतं, तारीखसुद्धा. एक दिनदर्शिका उघडायची आणि बाणावर टिचकी मारली की एक महिना पुढे जायची. एकच महिना. गुरुवारी सकाळी आठ वाजता मास्तरांनी टिचक्या मारायला सुरुवात केली. दोन हजार तीस सालापर्यंत पोचले तोच त्यांचं बोट दुखायला लागलं. मग म्मा-गोराताने खुर्ची घेतली, तेलकट बोटाने सोळा वर्षं पार केली. पोस्टातल्या माणसाने एकोणसाठ साल गाठलं. एकसष्टच्या मे महिन्यात यंत्र म्हणालं, तुम्ही बराच वेळ काही केलं नाहीत, म्हणून तुम्हाला बाहेर काढलं आहे.

"काही केलं नाहीत?" पोस्टातला माणूस किंचाळला. "माझं अर्धं आयुष्य गेलं इथे!"

दुसऱ्या खेपेला त्यांनी पाळ्या लावल्या. कुणी किती वर्षं ढकलायची ते ठरलं, मध्ये बोलायचं नाही असंही ठरलं, आणि म्मा-गोराताने पहिल्यांदाच गोळे फुकट वाटले. दीड वाजता दिनदर्शिका एकतीस डिसेंबर दोन हजार नव्व्याण्णववर येऊन थांबली. बाण पुढे जाईना. त्याच्यापुढे यंत्राकडे काळच नव्हता. मास्तरांनी तारीख दाबली, अर्ज पाठवला. लगेच उत्तर आलं: परतीची तारीख असाधारण आहे, अधिकाऱ्यांशी बोला.

अधिकारी दर गुरुवारी दोन ते अडीच पडद्यावर भेटायच्या, हाच तर त्या कक्षाचा मोठा बडेजाव होता. बरोबर दोनला पडद्यावर एक गोल चेहरा उमटला.

"डुमेलांग, म्मा," खोसी म्हणाले, कारण तोपर्यंत खोसीही आले होते. "दिवस कसा जातोय तुमचा?"

"चांगला जातोय, रा. तुमचा?"

"आमचाही चांगला. तिकडे पाऊस आहे?"

आता, थोरामोठ्यांनी विचारपूस केल्यावर उत्तर न देता 'तुमचं काम काय' असं विचारणारी बाई या देशात अजून जन्मलेली नाही. अधिकारी बाईंनी पाऊस सांगितला, गुरं सांगितली, आईचा गुडघा सांगितला. खोसींनंतर दिन्त्वेने विचारलं, मग म्मा-गोराताने, मग पोस्टाने. नमनाला घडाभर तेल जळत होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा उतरत होता. कोकेत्सो हात जोडून उभी होती. दोन मिनिटं उरली तेव्हा मास्तरांची पाळी आली.

"मोगापी मास्तर!" पडद्यावरची बाई म्हणाली. "ओळखलंत? मी सेलेलो. चौथीत मी तारीख चुकीची लिहिली म्हणून तुम्ही मला ती शंभर वेळा लिहायला लावली होतीत. आणि आज तुम्ही मला दोन हजार नव्व्याण्णव पाठवलंय?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळं गाव ऐकत होतं. त्यांच्याकडे या प्रसंगासाठी एक प्रास्ताविक तयार होतं, त्यात परिषदेचे आभार होते, अक्षरज्ञानाचं महत्त्व होतं. त्यांनी घसा खाकरला.

"मास्तर," केबोन्ये मागून म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, "मुद्दा!"

आणि मोगापी मास्तर आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यात बोलले. "पोरी, ही बोगादीची गुरं आहेत, ती परत येणार नाहीत, आणि तुझ्या यंत्राला हे कसं सांगायचं ते मला येत नाही."

सेलेलोचं तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. अडीच वाजले होते.

ती रात्र मास्तरांनी कशी काढली ते विचारू नका. 'मला येत नाही' हे तीन शब्द त्यांनी गावासमोर उच्चारले होते. ते लागत होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटत होती. डोळ्यांसमोर सारखी कोकेत्सो दिसत होती, परिषदेच्या दारात बसलेली.

शुक्रवारी केबोन्येने वाचनालय उघडलं तेव्हा पायरीवर मास्तर, कोकेत्सो आणि तुमिसांग बसलेले होते. तिने यंत्र लावलं. बघितलं. मग पडदा त्यांच्याकडे फिरवला. मंजूर. खाली सेलेलोने एक ओळ लिहिली होती: 'तारीख तपासली. बरोबर आहे. यंत्रात बोगादी घालायला वरती कळवलंय. म्मा-कागोला नमस्कार.'

कोकेत्सो खाली बसली आणि रडायला लागली. मास्तरही रडले असते, पण तेवढ्यात छपाईयंत्रातले पांढरे कागद संपल्याचं कळलं. उरले होते ते मुलांच्या फुलं कापण्याच्या वर्गातले गुलाबी. परवाना गुलाबी छापून निघाला. कुंपणाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने तो उलटसुलट बघितला.

"रा, सत्तरच्या वर वर्षं ही गुरं जातायत कुठे?"

"लग्नाला."

"मग ठीक आहे," म्हणत त्याने दांडा वर केला.

शनिवारी तांबडं फुटायच्या आधी आठ गुरं त्सिलानेच्या गोठ्यासमोर उभी होती. मुलीचा मामा रा सेबिना, ताडमाड माणूस, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर हसू नाही. त्याने गुरं मोजली, शिंगं बघितली, दात बघितले. मग हात पुढे केला. "कागद."

मास्तरांची पाचावर धारण बसली. सेबिनाने चष्मा लावला आणि गुलाबी कागद पुसट उजेडात धरला.

"कारण, इतर," त्याने मोठ्याने वाचलं. मग थांबला. "परतीची तारीख."

दोन्हीकडची माणसं पुढे सरकली. सेबिनाचे ओठ हलत होते. तो वर्षं मोजत होता.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," तो हळूहळू म्हणाला, "की नव्व्याण्णव सालच्या एकतीस डिसेंबरपर्यंत आमची मोफाटो तुमच्या घरी नांदणार. आणि त्या दिवशी तुम्ही ही गुरं मागायला इथे येणार?"

मास्तरांना एकदम वाट दिसली. "मी स्वतः येईन," ते म्हणाले.

सेबिनाच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्याचे खांदे हलले, मग तो टोपी हातात घेऊन असा हसला की गुरं बुजली.

"या," तो म्हणाला, "पण सूर्य उगवायच्या आत या. उशीर केलात तर आम्ही देणार नाही!"

"पुला!" माणसं ओरडली. गोठ्याचं फाटक उघडलं, आठही गुरं आत गेली, बायकांनी जिभा नाचवत ललकाऱ्या दिल्या आणि मोफाटो दारात आली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी गुलाबी परवाना परत मागितला, वाचनालयाच्या भिंतीवर लावायचा होता.

"छे," सेबिना तो नीट घडी करून खिशात ठेवत म्हणाला. "तारीख लक्षात राहायला नको?"

सूर्य वर आला. समोर शे-दीडशे माणसं आता गप्प बसली होती, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. मास्तरांनी घसा खाकरला.

"रा-कागो," म्मा-कागो म्हणाली, "बसा."

आणि ते बसले.